जुन्या गाडीच्या चाकाचे बेअरिंग : मापे घ्या, मग दुकानात जा

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि देखभाल

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची, १९९० च्या दशकातील फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. बागेतून आंब्याच्या पेट्या काढणे, पावसाळ्याच्या तोंडाशी खते-बियाणे नेणे आणि अधूनमधून धोपावे-दाभोळ फेरीबोटीने दापोलीकडे जाणे, इतकाच तिचा वापर आहे. अलीकडे पुढच्या डाव्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. मिस्त्रींनी चाक उघडले, तेव्हा आतले बेअरिंग गंजलेले होते आणि त्यावरचा क्रमांक पुसून गेला होता. चिपळूणच्या एका दुकानातून ‘याच गाडीचे’ म्हणून बेअरिंग आणले. त्याचा कोन (रोलर असलेला आतला भाग) स्पिंडलवर (चाक ज्याभोवती फिरते त्या स्थिर दांड्यावर) बरोबर बसला, पण कप (बाहेरची रिंग) हबमध्ये (चाकाच्या मधल्या पोकळ भागात) जाईना. दुसऱ्या दुकानातून आणलेला कप मात्र हबमध्ये नुसत्या हाताने बसला. दोन्ही दुकानदार आपलाच माल बरोबर असल्याचे सांगतात. पहिल्याचा कोन आणि दुसऱ्याचा कप घालून काम भागेल, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. योग्य बेअरिंग कोणते, हे कसे ठरवावे?
— एक वाचक, गुहागर तालुका

उत्तर : मिस्त्रींनी सुचवलेला उपाय कृपया करू नये. टेपर रोलर, म्हणजे निमुळत्या रोलरच्या, बेअरिंगचा कोन आणि कप एकाच उताराला घासून तयार केलेले असतात आणि रोलरची पूर्ण लांबी कपाच्या पृष्ठभागाला टेकली, तरच गाडीचे वजन सर्वत्र सारखे वाटले जाते. दोन वेगवेगळ्या जोड्यांमधले भाग एकत्र केले, की रोलर एका टोकाला टेकतो आणि दुसऱ्या टोकाला अधांतरी राहतो. असे बेअरिंग जोडताना ठीक वाटते, चाकही हाताने फिरवल्यास मोकळे फिरते. परंतु पेट्या भरून घाट उतरताना टेकलेल्या त्या टोकाला ते तापू लागते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा आवाज सुरू होतो.

आपल्या पत्रातील दोन तपशील फार उपयोगाचे आहेत. पहिला कोन स्पिंडलवर बसला पण कप आत गेला नाही, आणि दुसरा कप हाताने आत गेला. या दोन गोष्टींवरून बरेच काही सांगता येते. त्यासाठी या जीपचे मूळ थोडे पाहावे लागेल. आपल्याकडच्या जुन्या जीपची घडण अमेरिकेतील विलीस जीपवरून आलेली असल्यामुळे तिच्या अनेक भागांची मापे इंचात आहेत. विलीसच्या मूळ जीपच्या पुढच्या हबमध्ये १८५९० क्रमांकाचा कोन आणि १८५२० क्रमांकाचा कप अशी जोडी येते. तिचे आतले भोक ४१.२७५ मिलिमीटर, म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच, बाहेरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर आणि एकूण जाडी १६.६६७ मिलिमीटर असते. आता बाजारात सहज मिळणारी दुसरी एक जोडी पाहावी : एलएम५०१३४९ हा कोन आणि एलएम५०१३१० हा कप. हिचेही आतले भोक ४१.२७५ मिलिमीटरच आहे. बाहेरचा व्यास मात्र ७३.४३१ आणि जाडी १९.५५८ मिलिमीटर आहे. दोन्ही बेअरिंगे काउंटरवर शेजारी ठेवली, तर बाहेरच्या व्यासातील फरक, म्हणजे जेमतेम चार दशांश मिलिमीटर, नजरेला कळत नाही. स्पिंडलवर दोन्ही कोन सारखेच सरकतात. कप ठोकायला घेतल्यावरच हा फरक लक्षात येतो.

पहिल्या दुकानदाराने आपणांस अशीच एखादी जवळच्या मापाची जोडी दिली असण्याची शक्यता अधिक वाटते. त्यात लबाडी असेलच असे नाही. या जीपच्या वेगवेगळ्या मॉडेलांत, फोर-व्हील आणि टू-व्हील प्रकारांत, निरनिराळे एक्सल आले, आणि ‘जीपचे पुढचे बेअरिंग’ एवढ्या शब्दांवर दुकानदार आपल्याकडे सर्वाधिक खपणारा नग काढून देतो. शिवाय तीस वर्षांच्या गाडीच्या बाबतीत आणखी एक शक्यता नेहमी मनात ठेवावी : मधल्या काळात कोणी भंगारातल्या दुसऱ्या गाडीचे हब किंवा अख्खा एक्सल बसवलेला असू शकतो. तसे झाले असेल तर आरसी बुकावरचे मॉडेलचे नाव बेअरिंग निवडण्यास निरुपयोगी ठरते. इतकेच नव्हे, तर काढलेले जुने बेअरिंगही मागच्या कोणीतरी बसवलेले चुकीचे बेअरिंग असू शकते. म्हणून ‘नमुन्याप्रमाणे द्या’ हीदेखील पुरेशी खात्री नव्हे.

खात्री होते ती तीन ठिकाणची मापे एकमेकांशी जुळल्यावर : काढलेले बेअरिंग, स्पिंडल आणि हब. मापे व्हर्नियर कॅलिपरने घ्यावीत. फूटपट्टी किंवा टेप येथे चालत नाही. प्रथम सगळे भाग डिझेलमध्ये धुऊन, गंज बारीक पॉलिश पेपरने पुसून कोरडे करावेत. कोनाचे आतले भोक आणि कपाचा बाहेरचा व्यास प्रत्येकी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजावा, कारण गंजलेली किंवा ठोकलेली रिंग गोल राहिलेली नसते. जाडी मोजताना कोन कपात बसवून दोन्हींची मिळून एकूण जाडी घ्यावी. नंतर स्पिंडलवर कोन बसतो त्या जागेचा व्यास आणि हबमध्ये कप बसतो त्या भोकाचा व्यास मोजावा. आपल्या प्रकारच्या हबमध्ये आत आणि बाहेर अशी दोन बेअरिंगे असतात. मूळ जीपमध्ये ती दोन्ही एकाच मापाची असली, तरी सर्व गाड्यांत तसे नसते, म्हणून दोन्ही जागा स्वतंत्रपणे मोजाव्यात आणि कागदावर लिहून ठेवाव्यात.

क्रमांक पूर्ण पुसला आहे असे आपण लिहिले आहे. तरी एकदा कोनाच्या रुंद बाजूच्या सपाट कडेवर खडू घासून, वरचा खडू हलक्या हाताने पुसून, तिरप्या उजेडात पाहावे. अक्षरांच्या खाचांत खडू राहतो आणि गेलेला वाटणारा क्रमांक पुष्कळदा वाचता येतो. कपावरचा क्रमांक वेगळा असतो, हे विसरू नये. कोन आणि कप यांचे क्रमांक निरनिराळे असूनही ती एक जोडी असते, आणि दुकानात दोन्ही सांगावे लागतात.

आता दुसऱ्या कपाकडे वळू. तो ‘हाताने सहज बसला’ या वाक्याने मला अधिक काळजी वाटते. आपल्या हबमध्ये स्पिंडल स्थिर असते आणि त्याभोवती हब फिरते. अशा रचनेत फिरणाऱ्या हबमधील कप घट्टच बसला पाहिजे. त्याला प्रेसने किंवा पितळी ड्रिफ्टने (ठोकण्याच्या दांड्याने) हळूहळू चारही बाजूंनी ठोकून बसवावे लागते. उलट स्थिर स्पिंडलवरचा कोन हाताने सरकेल इतपतच असावा, मात्र डुगडुगता कामा नये. कप हाताने आत जात असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर तो कप लहान मापाचा आहे, किंवा कप योग्य मापाचा आहे पण हबचे भोकच झिजून मोठे झाले आहे. कपाचा व्यास ७३.०२ च्या आसपास भरला आणि हबचे भोकही तितकेच किंवा त्याहून मोठे भरले, तर दुसरी शक्यता खरी. हबच्या आतल्या भिंतीवर बोटभर रुंदीचा, आरशासारखा चकचकीत पट्टा दिसला, तर आधीचा कप आत फिरत होता याचा तो पुरावा समजावा.

अशा वेळी पुष्कळ गॅरेजांत हबच्या भिंतीवर पंचने टोचे मारून कप ‘टाइट’ करतात. ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. टोच्यांच्या टेकाडांवर कप काही ठिकाणीच टेकतो, तिरका बसू शकतो, आणि वजन पडताच ती टेकाडे दबून कप पुन्हा फिरू लागतो. झीज अगदी थोडी असेल, तर बेअरिंग पक्के बसवण्यासाठी मिळणारे रिटेनिंग कंपाउंड वापरता येते. झीज जास्त असेल, तर चांगल्या स्थितीतले हब शोधावे; ते मिळेपर्यंत ही गाडी भरून घाटात नेऊ नये. हबला लेथवर बोअर मारून (भोक मोठे करून) स्लीव्ह (आतून बसणारी नळी) घालणारे टर्नर आहेत, परंतु चाकाच्या हबच्या बाबतीत भोक तंतोतंत मध्यावर आणि सरळ येणे अत्यावश्यक असल्याने हे काम खात्रीच्या माणसाकडेच द्यावे.

योग्य बेअरिंग बसवल्यावरही जुने कारण तसेच राहिले, तर नवे बेअरिंग त्याच वाटेने जाईल. आपल्या काढलेल्या कपाच्या आत नीट पाहावे. रोलरच्या अंतराअंतरावर उभ्या, काळपट-तांबूस रेघा दिसत असतील, तर पाणी शिरलेल्या अवस्थेत गाडी दीर्घकाळ एका जागी उभी राहिली, असे समजावे. मृग लागल्यापासून नवरात्रापर्यंत गाडी मांगरात उभी करून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती उभी करण्याआधीची शेवटची खेप बहुधा चिखलातून किंवा फेरीबोटीच्या उताराजवळच्या खाऱ्या पाण्यातून झालेली असते. पाणी आत येते ते मागच्या ऑइल सीलमधून. म्हणून बेअरिंगबरोबर सीलही नवे घ्यावे. त्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी अशी तीन मापे सहसा छापलेली असतात. सीलची स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे ठेवावी, आणि सीलची ओठासारखी कडा जिथे घासते त्या जागी बोट फिरवून पाहावे : नख अडकेल इतकी खाच पडली असेल, तर नवे सीलही पाणी अडवणार नाही. तेव्हा सील थोडे पुढे-मागे बसवून कडा कोऱ्या जागेवर आणता येते का, हे पाहावे.

ग्रीसविषयी थोडक्यात सांगतो. चेसिसच्या निपलांत भरायचे साधे कॅल्शियम ग्रीस पाण्याला चांगले टिकते, परंतु ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळू लागते. कुंभार्ली किंवा परशुराम घाट उतरताना ड्रम तापल्यावर ते हबमधून वाहून ब्रेक लायनरवर येईल. चाकासाठी लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचे व्हील बेअरिंग ग्रीस घ्यावे. ते रोलरच्या पिंजऱ्यात आतून दाबून भरावे. वरून फासलेले ग्रीस रोलरखाली पोहोचत नाही. जुन्या आणि नव्या प्रकारांची सरमिसळ करू नये.

बसवताना चाक हाताने फिरवत आतला नट चाक जड होईपर्यंत आवळावा आणि मग सुमारे एक षष्ठांश फेरा सैल करावा. चाक मोकळे फिरले पाहिजे आणि वर-खाली धरून हलवल्यास प्ले (ढिलेपणा) जाणवता कामा नये. लॉक वॉशर नवा घालून त्याची कड वाकवावी, नंतर बाहेरचा नट आवळावा. नट अति आवळल्याने जळालेली चांगली बेअरिंगे ‘माल खराब निघाला’ म्हणून दुकानात परत येतात, हे दुकानदारांकडून नेहमी ऐकायला मिळते आणि त्यांची ही तक्रार रास्त आहे.

थोडक्यात आपल्यापुरते असे : हबचे भोक ७३.०२५ पेक्षा किंचित कमी आणि स्पिंडल ४१.२७५ पेक्षा केसभर कमी भरले, तर १८५९० आणि १८५२० ही जोडी नामवंत कंपनीची, एकाच कंपनीची आणि बंद वेष्टनातली मागावी. चिपळूण-रत्नागिरीत मिळाली नाही, तर कोल्हापूर किंवा मुंबईच्या नागदेवी भागातील बेअरिंगच्या व्यापाऱ्यांकडून मागवता येईल. मापे वेगळी भरली, तर तीच मापे व्यापाऱ्याला कळवावीत. बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये मापावरून क्रमांक शोधण्याची सोय असते, आणि जाणकार व्यापारी गाडीचे नाव न विचारताही आपणांस अचूक नग देऊ शकतो.

प्रश्न : बंदरावरून मासळी नेण्यासाठी माझा जुना तीनचाकी टेम्पो आहे. चाकाच्या बॉल बेअरिंगवर ‘६२०५ २आरएस सी३’ असे लिहिले आहे. दुकानदार म्हणतो की ६३०५ अधिक दणकट असते, तेच घाला. घालावे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ते बसणारच नाही. बॉल बेअरिंगच्या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले, की आतले भोक मिलिमीटरमध्ये मिळते; हा नियम ०४ पासून पुढे लागू होतो. म्हणून ६२०५ आणि ६३०५ या दोन्हींचे भोक २५ मिलिमीटर आहे. त्याआधीचा अंक मालिका सांगतो. ६२०५ चा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर असते, तर ६३०५ चा व्यास ६२ आणि जाडी १७. हब कोरून मोठे करून ते बसवण्याच्या फंदात पडू नये, कारण भिंत पातळ झालेले हब भरल्या टेम्पोखाली तडकू शकते. ही मापे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेली असल्याने मूळ क्रमांक जुळला, तर कंपनी बदलली तरी हरकत नाही.

शेवटची अक्षरेही तितकीच पाहावीत. ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील. ‘झेडझेड’ म्हणजे पत्र्याची झाकणे. पत्र्याचे झाकण धूळ थोपवते, परंतु मासळीच्या बर्फाचे खारट पाणी थोपवत नाही, त्यामुळे आपल्या कामाला रबरी सीलच योग्य. ‘सी३’ म्हणजे गोळ्या आणि रिंगा यांच्यामधली मोकळीक नेहमीपेक्षा थोडी अधिक. घट्ट बसवल्यावर आणि तापल्यावर ती मोकळीक आपोआप कमी होते, म्हणूनच बनवणाऱ्याने ती मागितलेली असते. सी३ असेल तिथे साधे घालू नये. खरेच अधिक वजन पेलायचे असेल, तर उपाय टेम्पोत कमी माल भरण्याचा आहे, आणि धंद्याच्या दृष्टीने तो कठीण असला तरी मला दुसरा प्रामाणिक सल्ला देता येत नाही.

टेपर रोलरमध्ये याच्या उलट फसगत होते. ३०२०६ आणि ३२२०६ या दोन्हींचे भोक ३० आणि व्यास ६२ मिलिमीटरच असतो. एकूण जाडी मात्र पहिल्याची १७.२५ आणि दुसऱ्याची २१.२५. तेथे चुकीचे बेअरिंग दोन्हीकडे छान बसते, आणि चार मिलिमीटरने बाहेर आलेल्या नटाला स्प्लिट पिनचे भोक सापडत नाही, तेव्हा चूक उघड होते.

प्रश्न : माझ्या बारा-तेरा वर्षांच्या मोटारीचे पुढचे बेअरिंग बदलले. माप तंतोतंत तेच होते, आवाजही गेला. परंतु तेव्हापासून एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा जळतो. गॅरेजवाले सेन्सर बदलायला सांगतात.
— एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : सेन्सरवर खर्च करण्याआधी बेअरिंग तपासून घ्यावे. आपल्या मोटारीत बहुधा नकलमध्ये (चाकामागच्या, बेअरिंग धरणाऱ्या ओतीव भागात) प्रेसने बसवायचे, दोन ओळी गोळ्यांचे बंद बेअरिंग आहे. अशा बेअरिंगचा क्रमांक वाचायला सोपा असतो : ‘डीएसी३८७४००३६/३३’ म्हणजे भोक ३८, व्यास ७४, आतल्या रिंगेची जाडी ३६ आणि बाहेरच्या रिंगेची ३३ मिलिमीटर. पण या मापांतून एक गोष्ट कळत नाही. एबीएस असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग मोजतो. त्याच मापाचे, चुंबकीय पट्टी नसलेले बेअरिंगही मिळते, आणि पट्टी असलेले बेअरिंग उलटे बसवले तरी परिणाम तोच होतो : चाक छान चालते आणि दिवा जळत राहतो.

बसवण्याआधी ही बाजू ओळखणे सोपे आहे. टाचणी दोऱ्याला बांधून बेअरिंगच्या दोन्ही बाजूंच्या सीलजवळ धरावी. जिकडे ती ओढली जाते ती बाजू सेन्सरकडे ठेवावी. दुर्दैवाने एकदा प्रेस केलेले बेअरिंग बाहेर काढताना हब आणि आतली रिंग ओढली जाते आणि गोळ्यांच्या खोबणीवर ठसे पडतात, म्हणून चूक ठरली तर ते पुन्हा वापरता येणार नाही, नवेच घ्यावे लागेल. नवे बसवताना नकलमध्ये दाबायचे तेव्हा फक्त बाहेरच्या रिंगेवर जोर द्यावा. हब आत दाबताना आतल्या रिंगेला खालून आधार द्यावा. गोळ्यांमधून जोर गेला, तर खोबणीत न दिसणारे खड्डे पडतात आणि बेअरिंग पहिल्याच आठवड्यापासून घुमू लागते. हातोडा-छिन्नीने बसवू पाहणाऱ्या गॅरेजात हे काम देऊ नये. चुंबक लावलेल्या हत्यारांपासून आणि लोखंडी किसापासूनही पट्टी जपावी.

प्रश्न : एका चाकाचे बेअरिंग गेले तर दोन्ही बाजूंची बदलावीत का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : एरवी नाही. दुसरे चाक जॅकवर उचलून फिरवावे; आवाज, खरखर किंवा प्ले नसेल, तर ते राहू द्यावे, उघडता येण्यासारखे असेल तर धुऊन ग्रीस भरावे. अपवाद पाण्याखाली गेलेल्या गाडीचा. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात आपल्या गावातल्या असंख्य गाड्या गढूळ पाण्यात उभ्या होत्या. अशी गाडी वापरात असेल किंवा आता जुनी म्हणून विकत घेत असाल आणि तिची बेअरिंगे तेव्हापासून उघडलेली नसतील, तर चारही चाके उघडून पाहावीत, आणि बंद प्रकारची असतील तर आवाजाची वाट न पाहता बदलावीत.